चौकटींची वही

अस्तुरियासच्या या डोंगरात घरांपेक्षा गुहा जास्त,
आणि गुहांत माणसांपेक्षा चीज.
मी ते पलटते. आठवड्यातून दोनदा, चारशे ढेपा,
खालचं अंग वर, वरचं खाली,
निळी बुरशी सगळीकडून सारखी चढावी म्हणून.
एकवीस वर्षं झाली.

एकवीस वर्षं अर्धशिशीलाही.
दोन्ही एकाच हिवाळ्यात लागल्या मागे,
दोन्ही अंधारात मुरल्या.
मला ते कधी दिसलं नाही. गोष्ट नाकासमोरची,
आणि नाक तर त्याच वासाने भरलेलं.

आधी उजव्या डोळ्याच्या कडेला
करवतीचे दात उजळायचे,
कुणीतरी उजेड कापत बसल्यासारखे.
मग अर्धं डोकं माझं उरायचं नाही.
झडपा बंद, बादली उशाशी, कपाळावर ओलं फडकं,
आणि अंगणात कोंबडीने पाय टाकला
तरी तो माझ्या कानशिलावर पडायचा.
तेल्माच्या लग्नात मी गोठ्यात आडवी होते,
गाईंच्या गरम श्वासात.
पोरीच्या वरातीची गायटा भिंतीतून झिरपत होती.
फोटोत माझ्या जागी एक खुर्ची आहे.

गोळ्या झाल्या. एक चांगला दात काढून झाला.
ओबदुलिया म्हणाली, दृष्ट.
नवरा म्हणाला, हवा बदलली की जाईल.
हवा इथे तासातासाला बदलते.

मग दवाखान्यात नवी नर्स आली, इरात्शे,
बोलणं तुटक, हात गरम.
शाळेतल्या गणिताची वही दिली तिने, चौकटींची.
लिहा, म्हणाली. काय खाल्लं, किती वाजता, कधी दुखलं.
काही गाळू नका. लाजू नका.

लाजले. कारण लिहायला लागल्यावर कळलं,
मी जेवतच नव्हते.
उभ्याउभ्या चाखायचे. सुरी खुपसायची, पातं चाटायचं,
हे मुरलं, हे अजून नाही,
पावाची कड, सिद्राचा घोट, पुन्हा सुरी.
पानभर तेच. चीज. चीज. चीज. फुली.
फुली म्हणजे दुखणं.

चार आठवडे सोडून बघा, ती म्हणाली,
मुरलेलं चीज, सिद्रा, धुरावलेली सॉसेजं.
म्हटलं, बाई, कोळ्याला सांगताय
की ओलं व्हायचं नाही.
ती हसली नाही. तारीख लिहून दिली.

भात. उकडलेले बटाटे. अंडी, कोबी, पेअर,
सकाळचं धारोष्ण दूध. बसून, वेळेवर.
पहिल्या आठवड्यात फुल्या वाढल्याच.
दुसऱ्यात एका रात्री उठले,
सुरी घेऊन गुहेच्या दारापर्यंत गेले.
कुलूप इतकं गार होतं की हात मागे आला.
घरी कुणाला सांगितलं नाही.
वहीत लिहिलं मात्र: २.४०, काही खाल्लं नाही.

तिसऱ्यात, भर दुपारी,
चादरी वाळत घालत होते.
दातांत चिमटा धरलेला, तशीच थबकले.
मी उन्हातल्या पांढऱ्या चादरीकडे बघत होते.
नुसती बघत.
किती वेळ, कोण जाणे. चिमट्याची लाकडी चव
अजून जिभेवर आहे.

मग एकेक परत आणून पाहिलं.
सिद्रा चालते, अर्धा पेला. सॉसेज नाही.
चीज एका रविवारी नखाएवढं चाखलं.
सोमवारी करवत.
रडू आलं, दुखण्याचं नव्हे.

पलटते अजूनही. चाखतो आता मुलगा, नेल.
मी बोटाच्या पेराने ठोकते, कान लावते.
तो म्हणतो, झालं. मी म्हणते, चार दिवस थांब.
कधी त्याचं खरं होतं, कधी माझं.
गावात म्हणतात, न खाणारीचं चीज घ्यावं का?
घेतात. भाव पाडून मागतात, एवढंच.

चौथी वही चालू आहे.
दोन महिन्यांत एखादी फुली पडते,
कशाने, ते चौकटीत सापडत नाही.
इरात्शेलाही नाही सापडलं.
आणि मग पानंच्या पानं अशी:

गुरुवार. मसूर, बटाटा, दोन पेअर.
तेल्मा पोराला घेऊन आली. खूप ओरडतो.
काही नाही.